रस्त्यात दगड दिसला पाहिजे



मघाशी सभागृहाच्या आवारात आलो तेव्हा दुचाक्या लावायला जागा उरली नव्हती. ते पाहून बरे वाटले, कारण आजचा विषय त्या दुचाक्यांचाच आहे. आपल्यापैकी बहुतेक जण आज संध्याकाळी गाडीवरच इथे आले. दुपारभर भाजून निघालेल्या रस्त्यावरून आले. माझा पहिला प्रश्न साधा आहे. येताना तुमच्यापैकी कितीजणांनी रस्त्याकडे पाहिले? खड्ड्याकडे म्हणत नाही मी. खड्डा सगळ्यांनाच दिसतो. रस्त्याकडे किती जणांनी पाहिले?

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून विचार ऐकायची आपल्याकडची रीत आहे. या रीतीत मोठमोठे विषय येतात. इतिहास येतो, साहित्य येते, अर्थकारण येते. डांबर हा विषय कोणी घेत नाही. मी सार्वजनिक बांधकामाच्या कामात ३० हून अधिक वर्षे घालवली. अकोला, वाशीम, यवतमाळ या पट्ट्यातले रस्ते केले, दुरुस्त केले, आणि त्यांच्यावरून दुचाकीने फिरलो. म्हणून मला दुसरा विषय सुचला नाही.

ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, ते आम्हाला विज्ञान शिकवायचे. एप्रिलात सकाळची शाळा असे. एकदा शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हाला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर नेले. म्हणाले, एक हात बाजूच्या मातीवर ठेवा, दुसरा डांबरावर. मातीवरचा हात राहिला. डांबरावरचा आम्ही लगेच उचलला. मग त्यांनी रस्त्यावर उमटलेले बैलांचे खूर दाखवले आणि विचारले, ‘रस्ता पक्का म्हणता ना? मग हा खूर आत कसा रुतला?’ त्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे नोकरीत मिळाले. तेच उत्तर आज तुमच्यासमोर मांडणार आहे.

श्रोतेहो, रस्त्याविषयी आपण बोलतो ते पावसाळ्यात. जुलै उजाडला की वर्तमानपत्रांत खड्ड्यांची छायाचित्रे येतात, आंदोलने होतात, खड्ड्यांत झाडे लावली जातात. उन्हाळ्यात मात्र सगळे शांत. का? कारण उन्हाळ्यातला रस्ता कोरडा असतो, मोकळा असतो, लांबपर्यंत दिसतो. आपण त्याच्यावर विश्वास टाकतो. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. म्हणजे साधारण ७५ हजार घरे. यातले किती अपघात तापलेल्या रस्त्यामुळे झाले, हे सरकारी तक्त्यात वेगळे लिहिलेले नसते. का लिहिलेले नसते, ते मी शेवटी सांगेन. कारण माझ्या मते खरे दुखणे तिथेच आहे.

पहिला मुद्दा: रस्ता कशाचा असतो?

कोणालाही विचारा, उत्तर येईल ‘डांबराचा’. आपण म्हणतोच डांबरी रस्ता. पण हे उत्तर चूक आहे. वरच्या थराचे १०० किलो मिश्रण घेतले, तर त्यात डांबर असते जेमतेम ५ ते ६ किलो. बाकी सगळा दगड. मोठी गिट्टी, बारीक गिट्टी, चुरी. रस्ता दगडाचाच असतो, श्रोतेहो. डांबर फक्त दगडाला दगड धरून ठेवते. गाडीचे ओझे दगड पेलतो आणि टायरला पकडही दगडच देतो.

स्कॉटलंडच्या मॅकॅडमने दोनशे वर्षांपूर्वी हेच ओळखले होते. ठरावीक मापाची, कोन असलेली खडी एकमेकींत अडकून बसली की तिच्यावरून कितीही गाड्या गेल्या तरी ती हलत नाही. त्याच्या रस्त्यात डांबर नव्हतेच. ते नंतर आले, धूळ थांबवायला आणि खडी बांधून ठेवायला. आपल्या देशात रस्त्यांचा गंभीरपणे विचार सुरू झाला तो बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपासून, १९२७ साली. त्या समितीच्या शिफारशींतूनच पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते जमले ते आपल्या नागपुरात, आणि वीस वर्षांची रस्ते योजना तिथे ठरली. म्हणजे रस्त्याचे शास्त्र आपल्याला परके नाही. ते या मातीत बसून घडवले गेले आहे.

आता उन्हाकडे येऊ. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. हे हवेचे तापमान, सावलीतले. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरात ५६ अंशांची नोंद झाल्याची बातमी फिरली, सगळे हादरले, आणि नंतर ती यंत्राची चूक निघाली. हवेचे ५६ अंश खोटे होते. पण रस्त्याचे ५६ अंश आपल्याकडे दर उन्हाळ्यात खरे असतात. काळा रंग ऊन पितो. हवा ४४-४५ अंशांवर असते तेव्हा डांबरी पृष्ठभाग सहज ६० अंशांच्या वर गेलेला असतो.

आणि डांबराचे काय होते? बर्फ शून्य अंशाला वितळतो, तसा डांबराला वितळण्याचा एक ठरलेला अंश नाही. ते हळूहळू मऊ होत जाते. प्रयोगशाळेत याची एक सुंदर चाचणी असते. पितळी कड्यात डांबर भरायचे, त्यावर पोलादाची छोटी गोळी ठेवायची आणि भोवतीचे पाणी तापवत जायचे. एका क्षणी गोळी डांबराला घेऊन खाली येते. तो त्या डांबराचा मृदुबिंदू. आपल्याकडे सर्रास वापरले जाते ते व्हीजी-३० प्रतीचे डांबर. त्याचा मृदुबिंदू किमान ४७ अंश असावा असे मानक सांगते. जास्त उष्ण भागासाठी व्हीजी-४०, त्याचा किमान ५० अंश.

हिशेब लक्षात आला? रस्ता ६० अंशांवर, आणि डांबर ४७ किंवा ५० अंशांनाच मऊ व्हायला लागलेले. मग मे महिन्यात आपले रस्ते वाहून का जात नाहीत? कारण दगडाने दगडाला धरलेले असते. सरांच्या प्रश्नाचे उत्तर हेच. जिथे खडी नीट अडकून बसली आहे तिथे खूर रुतत नाही. जिथे डांबर जास्त आणि दगड कमी, तिथे रुततो.

चांगल्या मिश्रणात दबाई झाल्यावरही ३ ते ५ टक्के पोकळी मुद्दाम ठेवलेली असते. उन्हात डांबर फुगते, त्याला आत सामावायला ही जागा. डांबर गरजेपेक्षा जास्त पडले की ही जागा भरून जाते. मग मे महिन्यात ते फुगते, वरून ट्रक जातात, आणि डांबराला एकच वाट उरते: वर. आम्ही त्याला डांबर पाझरणे म्हणतो. दगड बुडतो आणि वर उरतो काळा, चकचकीत, गुळगुळीत पापुद्रा. थंडी पडली म्हणून हे डांबर परत खाली जात नाही. दर उन्हाळ्यात थोडे थोडे साचत जाते.

आणि ते सगळीकडे सारखे पाझरत नाही. जड वाहनांची चाके जिथून जातात तिथे जास्त. चढावर, वळणावर, बसथांब्याशी, सिग्नलपाशी, जिथे ट्रक थांबतो, रेटतो, ब्रेक मारतो, तिथे सर्वांत जास्त. तिथेच रस्ता दबून दोन लांब घळीही पडतात. आपल्या भाषेत त्यांना फार जुना शब्द आहे, चाकोरी. बैलगाडीच्या धावेने कापलेली वाट ती चाकोरी. चाकोरीतून जाणे म्हणजे सुरक्षित जाणे असे आपण आयुष्याविषयी म्हणतो. दुचाकीच्या बाबतीत मात्र उन्हाळ्यात चाकोरी हीच सर्वांत धोक्याची जागा असते. डांबर तिथेच वर येते, आणि तिच्या काठावरून चाक आडवे चढताना गाडी हिसका देते.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एका छोट्या रस्त्याच्या नूतनीकरणाचे काम होते. कोणता रस्ता, कोणते कार्यालय, कोणता कंत्राटदार, हे आज महत्त्वाचे नाही. काम चालू असताना गावचे लोक येऊन म्हणायचे, ‘साहेब, डांबर कमी दिसून राहिलं, जरा काळा होऊ द्या.’ कंत्राटदाराचा माणूसही म्हणायचा, वरून एक हात जास्त मारला की लोक खूश होतात. मला कळत होते की हे बरोबर नाही. तरीही मी होऊ दिले. मोजमाप वहीत सही माझी आहे. रस्ता असा काळाभोर झाला की उद्घाटनाला आलेल्यांनी कौतुक केले.

पुढच्या मे महिन्यात, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, त्या रस्त्याच्या एका वळणावर एक दूधवाला पडला. पंचविशीतला मुलगा, गाडीला दोन्ही बाजूंना रिकामे कॅन. वेग फार नव्हता. वळणावर गाडी थोडी कलली, पुढचे चाक सरकले आणि गाडी त्याच्या पायावर आली. वाचला. पण पाय पूर्वीसारखा झाला नाही आणि दुधाचा धंदा सुटला. मी जागेवर जाऊन पाहिले. वळणाच्या आतल्या बाजूला हातभर रुंदीचा काळा पट्टा होता. दगडाचा एक कण वर दिसत नव्हता. बोट लावले तर बोटाला डांबर आले.

दवाखान्यात गेलो. मी कोण हे त्याच्या वडिलांना माहीत होते. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘सायेब, रस्ता त तुमी मस्त काळाभोर केला होता. पोरानंच गाडी जोरात हाकली असन.’

श्रोतेहो, त्यांनी मला दोष दिला असता तर मी तो कदाचित कुठेतरी ढकलला असता. त्यांनी माझे कौतुक केले. ते कौतुक मी अजून उतरवू शकलेलो नाही. काळा रस्ता म्हणजे चांगला रस्ता, ही समजूत त्या बापाच्या मनात कोणी घातली? आम्हीच घातली. म्हणून आजच्या व्याख्यानातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा: रस्त्यात दगड दिसला पाहिजे.

दुसरा मुद्दा: उन्हाळी रस्ता ओळखायचा कसा?

पहिली गोष्ट मृगजळ. भर दुपारी सरळ रस्त्यावर पुढे पाणी चमकताना दिसते. आपल्याला लहानपणापासून माहीत आहे की ते खोटे असते. त्यामुळे चमकणाऱ्या रस्त्याकडे दुर्लक्ष करायची डोळ्यांना सवय लागते. पण पाझरलेले डांबरही तसेच चमकते. दोन्हींतला फरक असा. मृगजळ तुमच्यापुढे पळते. तुम्ही जवळ जाल तसे ते दूर जाते. डांबराची चमक मात्र जागच्या जागी राहते. एकाच जागी टिकून राहणारी चमक दिसली की गाडी सरळ ठेवा आणि वेग आधीच उतरवा.

दुसरी गोष्ट सुटी गिट्टी. पावसाळ्याआधी कामे उरकायची म्हणून एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे जागोजागी रस्ते उकललेले असतात. नव्याने टाकलेली बारीक गिट्टी आणि चुरी गाड्यांच्या चाकांनी उडून कडेला आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला साचते. सायकलीच्या बेअरिंगमधल्या गोळ्या हातावर फिरवून पाहा, टायरखाली हीच गत होते. आणि नवा थर टाकण्याआधी रस्त्यावर एक पातळ फवारा मारतात. तो आधी तपकिरी दिसतो, त्यातले पाणी सुटले की काळा होतो. तपकिरी असो की ताजा काळा, त्यावर दुचाकी घालू नका. मजूर हात दाखवून थांबवतात तेव्हा त्यांचे ऐका.

तिसरी गोष्ट आपल्या वऱ्हाडाची खास. आपली काळी माती. रेगडी पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. पण तीच माती रस्त्याच्या खालीही आहे आणि कडेलाही. मे महिन्यात बाजूपट्टी आकसून खाली बसते आणि डांबराची कड उघडी पडते. कुठे चार बोटे, कुठे वीतभर. समोरून ट्रक आला म्हणून आपण खाली उतरतो. मग परत वर चढायला जातो ते तिरके, आणि चाक त्या कडेला घासत राहते. असे पडलेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत. उतरावे लागले तर वेग पूर्ण कमी करा, आणि चढताना कड जिथे कमी आहे तिथून, जमेल तेवढे सरळ चढा.

चौथी गोष्ट पहिला पाऊस. मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला वळीव येतो. आपण गाडी थांबवत नाही, भिजायला बरे वाटते. पण चार महिने रस्त्यावर काय साचले आहे? धूळ, गाड्यांचे गळलेले तेल, टायरचा झिजलेला रबर. त्यावर पहिले पाणी पडते तेव्हा त्याची बुळबुळीत खळ होते. जोराचा पाऊस ती धुऊन नेतो. शिंतोडा मात्र ती तशीच ठेवतो. म्हणून पहिल्या पावसाची पहिली पंधरा-वीस मिनिटे चहाच्या टपरीवर काढा. त्या वेळेची भरपाई होते, पायाची होत नाही.

तिसरा मुद्दा: गाडी आणि हात

दुचाकीचे टायर जमिनीला किती टेकलेले असते? साधारण तळहाताएवढे. पुढचा एक तळहात, मागचा एक तळहात. त्या दोन तळहातांवर तुम्ही, मागे बसलेली पत्नी, मध्ये मूल आणि हँडलला बाजाराची पिशवी. म्हणून त्या तळहाताखाली काय आहे याला एवढे महत्त्व.

एक सोपा हिशेब करू. चांगल्या, दगड दिसणाऱ्या कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने ब्रेक दाबला, तर गाडी साधारण २० मीटरवर थांबते. पकड निम्मी झाली तर त्याच वेगाला ४० मीटर लागतात. आणि ब्रेक दाबायचे सुचेपर्यंत एक सेकंद जातो, त्यात आणखी १६-१७ मीटर गेलेले असतात. पण तोच वेग ४० वर आणा. निम्म्या पकडीच्या रस्त्यावरही गाडी १८ मीटरच्या आसपास थांबते. म्हणजे निसटलेली पकड आपण वेग कमी करून परत मिळवू शकतो. रस्ता आपल्या हातात नाही, पण हे २० किलोमीटर नक्की आपल्या हातात आहेत.

चकचकीत पट्ट्यावर गाडी आलीच तर काय करायचे? गाडी सरळ ठेवायची. त्या पट्ट्यावर ब्रेक मारायचा नाही, एकदम अॅक्सिलेटर पिळायचा नाही, गाडी कलवायची नाही. जे काही करायचे ते पट्ट्याच्या आधी किंवा नंतर. वळणावर वेग वळणाच्या आधीच उतरवायचा. तो दूधवाला वळणाच्या मध्ये होता आणि गाडी कलली होती, म्हणूनच ती सरकली. मोकळ्या रस्त्यावर ट्रकच्या चाकोऱ्या टाळून मधल्या, दगड दिसणाऱ्या भागावर चाला. सिग्नलपाशी मात्र उलटे, कारण थांबलेल्या गाड्यांचे तेल मधोमध गळते.

आता टायर. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. टायर तापले की हवेचा दाब आपोआप वाढतो. सकाळी २९ असलेला दाब टायरमधली हवा ३० अंशांनी तापल्यावर ३३ च्या घरात जातो. हे पाहून काही जण दुपारी हवा काढून टाकतात. तसे करू नका. कमी हवेचे टायर जास्त चेपते, जास्त चेपले की जास्त तापते, आणि जास्त तापले की फुटते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी उन्हात उभ्या राहिलेल्या जुन्या टायरच्या रबराला बारीक चिरा पडतात. आपल्या गाडीवरचे हे चार आकडे किती जणांनी वाचले आहेत? आज जाताना वाचा. आणि एक छोटी गोष्ट: दुपारी डांबरावर साइड स्टँड लावताना खाली चपटा दगड ठेवा. स्टँड रुतून गाडी पडते, आणि शेजारी खेळणारे मूल तिच्याखाली येऊ शकते.

चौथा मुद्दा: गाडीवरचा माणूस

वारा लागला की बरे वाटते, हे खरे. पण आपली त्वचा साधारण ३५ अंशांची असते. हवा ४४ ची असेल तर तो वारा अंगाला थंड करत नाही, उलट तापवतो. दुचाकीवर तर तो भट्टीच्या भात्यासारखा अंगावर येतो. घाम येतो, लगेच वाळतो, आणि पाणी गेले हे कळतच नाही. डोके जड होते, नजर एका जागी खिळते, आणि ब्रेक दाबायला लागणारा तो एक सेकंद दीड सेकंदाचा होतो. आपल्या आजोबांनी डोक्याला बांधलेला रुमाल, बायकांनी चेहऱ्याभोवती घेतलेला दुपट्टा, निघताना प्यायलेले पन्हे, हे सगळे शहाणपणाचे आहे. अंग झाका. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. ओला रुमाल डोक्याला बांधा आणि त्यावर हेल्मेट घाला.

होय, त्यावर हेल्मेट. उकडते म्हणून हेल्मेट हातावर अडकवून चालवणारी मुले मी रोज पाहतो. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेली ५० हजारांवर माणसे देशात गेली, आणि त्यांत १४ हजारांवर मागे बसलेली होती. म्हणजे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे. आयएसआय चिन्ह असलेलेच हवे. आणि ताईंनो, तुमचा दुपट्टा, ओढणी, पदर घट्ट खोचा. मागच्या चाकावरची जाळी तुमच्यासाठीच असते, कायद्यानेच ती बंधनकारक आहे. ती काढून टाकलेली गाडी घेऊन कोणी तुम्हाला न्यायला आले, तर आधी जाळी बसवून आणायला सांगा.

आणि कोणी पडलेले दिसले तर? ६० अंशांच्या डांबरावर उघडी त्वचा काही सेकंदांत भाजते. पडलेल्याची मान हलवू नका, पण त्याच्यावर सावली धरा. हात, पाय, गाल डांबराला टेकलेले असतील तर त्यांच्याखाली पोते, गमछा, जे असेल ते अलगद सरकवा. एकाने मागची वाहतूक थांबवा, दुसऱ्याने १०८ ला फोन करा. पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने लोक पुढे निघून जातात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्या कायद्याचे संरक्षण आहे. भिऊ नका, थांबा.

पाचवा आणि शेवटचा मुद्दा: जबाबदारी कोणाची?

सुरुवातीला एक प्रश्न मागे ठेवला होता. तापलेल्या रस्त्याचे बळी तक्त्यात का दिसत नाहीत? कारण हा साक्षीदार संध्याकाळी पळून जातो. खड्डा दुसऱ्या दिवशीही असतो. त्याचे छायाचित्र निघते, मोजमाप निघते. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला, तो देता आला कारण खड्डा दाखवता येतो. पाझरलेले डांबर दाखवायचे कसे? दुपारी मऊ झालेला पट्टा रात्री घट्ट होतो. पंचनाम्याला आलेल्या माणसाला कोरडा, सपाट, काळाभोर रस्ता दिसतो. कागदावर कारण लिहिले जाते: वाहनावरील ताबा सुटला. त्या बापाने जे म्हटले तेच सरकारी भाषेत.

यावर उपाय नाही का? आहे, आणि तो जुना आहे. पाझरलेल्या जागी बारीक गिट्टी किंवा जाड वाळू पसरून ती रोलरने आत दाबायची आणि सुटी राहिलेली झाडून घ्यायची. झाडणे महत्त्वाचे, नाहीतर एक धोका काढून दुसरा ठेवला. खूपच पाझरले असेल तर तो थर खरवडून नवा टाकायचा. बाजूपट्टीला मुरूम टाकून ती डांबराच्या बरोबरीला आणायची. ही कामे दर एप्रिलमध्ये व्हायला हवीत. नालेसफाई पावसाळ्याआधी होते ना? तशी रस्त्याची तपासणी उन्हाळ्याआधी का होऊ नये?

जून २०२२ मध्ये आपल्याच अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर टाकला गेला आणि त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. मला त्याचा अभिमान आहे, कारण त्या कामावरची माणसे जूनच्या उन्हात रात्रंदिवस राबली. लांबी आणि वेग मोजायची आपली ताकद एवढी आहे. तीच ताकद आता पकड मोजायला लावूया, दर मे महिन्यात, गावोगावच्या साध्या रस्त्यांवर. समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. दुचाकीवाल्याचे सगळे आयुष्य या साध्या रस्त्यांवरच जाते.

यात तुमचाही वाटा आहे. नव्या रस्त्याच्या कडेला कामाचा फलक असतो, त्यावर दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता बिघडला तर तो दुरुस्त करणे कंत्राटदारावर बंधनकारक असते. तो फलक वाचा. दुपारी, सुरक्षित कडेला उभे राहून, पाझरलेल्या जागेचे छायाचित्र काढा. तारीख आणि वेळ लिहून ग्रामपंचायतीला, महापालिकेला, बांधकाम विभागाला द्या. पळून जाणारा साक्षीदार असा धरता येतो.

समारोपाला पुन्हा थोडक्यात सांगतो. रस्ता दगडाचा असतो, डांबर त्याला धरून ठेवते. उन्हात डांबर मऊ होते, वर येते आणि दगड बुडवते. जागेवर टिकणारी चमक, सुटी गिट्टी, उघडी कड, पहिला शिंतोडा, या चार जागी वेग आधीच उतरवा. टायर सकाळी तपासा, अंग झाका, हेल्मेट घाला, पडलेल्यासाठी थांबा. आणि रस्ता करणाऱ्यांकडून काळा नव्हे, पकड देणारा रस्ता मागा.

उद्या दुपारी सरांनी आम्हाला करायला लावले तेवढेच करा. आपल्या घरासमोरच्या रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि खाली वाकून पाहा. गिट्टीची टोके दिसत असतील तर त्या रस्त्यावर तुमची मुले सुखरूप जातील. आणि पुढे कधी नवा रस्ता पाहून कोणी म्हणाले, ‘वा, कसा काळाभोर झाला आहे,’ तर त्याला विचारा, दगड दिसतो का? त्या दिवशी मोजमाप वहीत सही करण्यापूर्वी हा प्रश्न मला कोणीतरी विचारायला हवा होता. मला कोणी विचारला नाही. तुम्ही विचारा.